नत्थुजी सायकल शिकले त्याची गोष्ट

नत्थुजी येऊल यांनी बत्तीस वर्षं एस्टी चालवली. त्यातली शेवटची एकोणीस परतवाडा ते धारणी, म्हणजे मेळघाटातल्या घाटाच्या गाडीवर. ज्या वळणांवर नवा ड्रायवर मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारतो, तिथे नत्थुजी सुपारी चघळत असायचे. एकदा ऐन वळणावर अस्वल आडवं आलं. नत्थुजींनी गाडी थांबवली, दिवे बारीक केले आणि खिडकीतून हात काढून म्हणाले, "जा बाप्पा, आदी तू जाय." त्यांचा कंडक्टर मोतीराम हा किस्सा सांगताना अस्वलाने मान डोलावली असंही सांगतो. मोतीरामचं सगळंच खरं धरायचं नसतं, पण अस्वल आलं होतं, एवढं नक्की.

असे हे नत्थुजी एकतीस मेला सेवानिवृत्त झाले. डिपोत शाल मिळाली, नारळ मिळाला, साहेबांनी दोन शब्द सांगतो म्हणून पाऊण तास भाषण केलं, आणि नत्थुजी हार गळ्यात घालून हिवरखेडला आपल्या घरी आले. कायमचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला डोळे उघडले. अंग आपोआप उठलं, तोंड धुतलं, केस विंचरले, खाकी शर्टासाठी हात खुंटीकडे गेला आणि हवेतच थांबला. शर्ट शकुनने रात्रीच धुवायला टाकला होता. शेजारी पाहिलं तर शकुनसुद्धा नव्हती. ती शेतात गेली होती. गलांड्याची तोडणी होती.

ही शकुन म्हणजे नत्थुजींची बायको. तीन एकराचं बागायती, त्यात गलांडा, झेंडू, शेवंती, बांधाला निशिगंध. नत्थुजी सहा दिवस डिपोत आणि एक दिवस घरी. त्या एका दिवसात ते जेवायचे, झोपायचे, पोरीच्या अभ्यासाची चौकशी करायचे आणि निघायचे. त्यामुळे विहीर, मोटार, मजूर बाया, फुलांचा भाव, अकोटचा बाजार, हे सगळं शकुनच्या हातात गेलं होतं आणि तिच्या हातात ते बरं चाललं होतं. पोरगी मंजुषा लग्न होऊन अमरावतीला गेल्यावर शकुनने स्कूटी घेतली, आठ दिवसांत शिकली आणि पुढे फुलांचं पोतं, मागे फुलांचं पोतं लावून रोज सकाळी अकोट गाठू लागली.

त्या पहिल्या सकाळी नत्थुजी पाण्याचा तांब्या हातात घेऊन दारात उभे राहिले. शकुन शेतातून आली, पोती बांधली, किक मारली आणि निघाली. जाता जाता म्हणाली, "चहा गंजात हाय. गरम करून घ्या."

नत्थुजींनी चहा गरम केला. मग प्याले. मग घड्याळ पाहिलं. सहा वाजायला दहा मिनिटं कमी होती. रात्री नऊपर्यंत करायचं काय, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला.

पहिला दीड महिना त्यांनी घर सुधारण्यात घालवला. मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे शकुनच्या हाताला हळदीच्या जागी मेथी आली आणि वरणाची भलतीच गत झाली. तोडणीच्या बायांसाठी त्यांनी वेळापत्रक लिहून गोठ्याच्या दाराला लावलं. सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, मधला थांबा. त्यातल्या एका बाईला वाचता येत होतं. तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा बाकीच्यांनी हसून हसून अर्धी ओळ तोडायची ठेवली.

"मंजूचे बाबा," शकुन म्हणाली, "तुमी थोडे स्टँडवर जाऊन या."

ते स्टँडवर गेले. तिथे त्यांनी मागे येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायला सुरुवात केली. "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे, बस्स!" चार दिवस ड्रायवर लोकांनी मान ठेवला. पाचव्या दिवशी एकजण खिडकीतून वाकून म्हणाला, "काका, मले दोन्ही बाजूनं आरसा हाय ना."

नत्थुजी घरी आले. तीन दिवस स्टँडकडे फिरकले नाहीत. ओसरीवर बसून राहिले. शकुनला ते पाहवेना. श्रावण लागला होता, फुलांना मागणी होती, कामाची नुसती धांदल. तरी तिने ठरवलं की यांना सोबत बाजारात न्यायचं.

"चला," ती म्हणाली. "बसा मागे."

मागे बसणं हा प्रकार नत्थुजींना माहीत नव्हता. बत्तीस वर्षं ते पुढे बसले होते. गाव सुटलं नाही तोच त्यांचा उजवा पाय हवेत ब्रेक दाबू लागला. दर दाबाला त्यांचा गुडघा शकुनच्या बरगडीत लागायचा. समोर म्हैस दिसली की ते ओरडायचे, "हॉर्न! हॉर्न!" म्हैस शेतात असली तरी. पुढे पुलाचा चढ आला तेव्हा त्यांनी तिच्या खांद्यावर थाप मारली. "गिअर कमी कर!"

"याले गिअर नसते!"

"मंग चढते कशी?"

शकुनने गाडी बाजूला घेतली. "उतरा."

"काहून?"

"एक तं तुमी चालवा, मी मागे बसतो. नाई तं पायी या."

"पायीच येतो," नत्थुजी चटकन उतरत म्हणाले. "पायी चांगलं राह्यते. डाक्टर बी तेच सांगते."

शकुन त्यांच्याकडे पाहत राहिली. छत्तीस वर्षांच्या संसारात हा आवाज तिच्या ओळखीचा झाला होता. डबा न खाता परत आणला की याच आवाजात ते 'भरपूर जेवलो' म्हणायचे.

"तुमाले येत नाई?"

नत्थुजींनी आभाळाकडे पाहिलं.

"स्कूटी येत नाई?"

"हेवीचं लायसन हाय माह्याजवळ."

"मी ते नाई विचारून राहिली. मोटरसायकल येते?"

आभाळात पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी ते पाहत होते.

"सायकल?" शकुनने अगदी हळू विचारलं, जसं कोणाच्या घरी वाईट बातमी सांगायला गेल्यावर विचारावं. "सायकल तरी येते का नाई?"

"नाई येत," नत्थुजी म्हणाले.

शकुन आधी हसली नाही. तिने स्कूटी स्टँडवर लावली, पोतं नीट केलं, पदर खोचला आणि मग ती रस्त्याच्या कडेला बसली आणि अशी हसायला लागली की समोरून येणारा बैलगाडीवाला थांबला. त्याला वाटलं बाईला काही झालं. "काही नाई झालं, दादा," ती डोळे पुसत म्हणाली, "जा तुमी," आणि पुन्हा हसायला लागली. अस्वलाला वाट देणारा, दरीच्या काठाने पन्नास माणसं नेणारा हा तिचा नवरा, आणि त्याला दोन चाकांवर बसता येत नव्हतं.

खरं होतं ते. सात वर्षांचे असताना चुलतभावाची सायकल घेऊन नत्थुजी कैची मारायला निघाले, म्हणजे दांड्याखालून पाय घालून, आणि सरळ गुरांच्या पाण्याच्या हौदात गेले. हौदावर तेव्हा दोन म्हशी पाणी पीत होत्या. त्यातली एक फार रागीट होती. त्या दिवशी पोराने कानाला खडा लावला. चौदाव्या वर्षी ट्रॅक्टर, अठराव्या वर्षी ट्रक, पुढे एस्टी. खाली चार चाकं नसतील तिथे बसायचं नाही. डिपोत कोणी मोटरसायकल पुढे केली की ते म्हणायचे, कंबर धरली आहे. फार आग्रह झाला तर म्हणायचे, आज शनिवार आहे, शनिवारी लोखंडावर बसत नसतो. एवढं बोलून ते जाऊन दहा टन लोखंडावर बसायचे आणि कोणाच्या काही लक्षात यायचं नाही.

शकुनचं हसणं ओसरलं तेव्हा ती उठली, साडी झटकली आणि म्हणाली, "उद्या सकाळी साडेपाच. बाजाराचं मैदान."

"या वयात?"

"वय तुमचं अठ्ठावन. मैदानाले काही फरक पडत नाई."

सायकल मंजुषाची होती. शाळेत असतानाची, जांभळी, पुढे जाळीची टोपली, दांड्यावर फुलपाखराचं चित्र. गोठ्याच्या आढ्याला लटकवलेली होती. शकुनने तिला उतरवलं, हवा भरली, साखळीला तेल दिलं. नत्थुजी म्हणाले, "ही लेडीज हाय."

"म्हणूनच. पडले तं पाय काढाले सोपं."

शेतातल्या वाटेवर शिकायची सोय नव्हती. श्रावणातली काळी माती चाकाला अशी धरते की दहा हातांवर मडगार्ड गच्च होतं आणि सायकल चालवायच्या ऐवजी उचलून आणावी लागते. बाजाराच्या मैदानात मुरूम होता. बाजाराचा वार टाळला की पहाटे तिथे दोन कुत्री आणि एक गाढव सोडून कोणी नसायचं.

पहिल्या दिवशी नत्थुजी सीटवर बसले, शकुनने मागून कॅरिअर धरलं, आणि ते तसेच बसून राहिले.

"पायडल मारा."

"मारतो. आदी आरसा लावून घेऊ."

"आरसा नाई लागत!"

पायडल मारलं की सायकल डावीकडे जायची, की नत्थुजी हँडल स्टेअरिंगसारखं गरागरा फिरवायचे, की सायकल आपल्याच पुढच्या चाकाला आडवी व्हायची आणि दोघं मुरुमात. वळायचं असलं की ते मैदानाच्या पार कडेला जाऊन मोठा वळसा घ्यायचे, मागे पस्तीस फूट गाडी असल्यासारखा. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या गाढवाला धडक दिली. गाढव उभंच राहिलं.

चौथ्या दिवशी पंचफुलाबाईने पाहिलं. पंचफुलाबाई शेजारच्या मळ्यातली. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि डोक्यावर टोपलं घेऊन गावात विकायची. वय साठीच्या पुढे, आवाज चार गल्ल्यांत पोहोचणारा. तिने टोपलं खाली ठेवलं, कमरेवर हात ठेवले आणि पाहिलं.

"माय वं! नत्थूभाऊ सायकल शिकून राहिले?"

"हळू बोल ना वं," शकुन म्हणाली.

"मी हळूच बोलून राहिली!" पंचफुलाबाई ओरडली. "भाऊ, खाली पाहू नोका! समोर पाय! समोर पाय!"

आता वऱ्हाडात 'पाय' म्हणजे बघ, हे नत्थुजींना जन्मापासून माहीत होतं. पण माणूस जीव मुठीत धरून बसलेला असला की कान आपल्या मनाचं ऐकतात. त्यांनी पायडलवरचा पाय काढला आणि समोर ताठ धरला. मग बाईने पुन्हा 'समोर पाय' म्हटलं म्हणून दुसराही धरला. सायकल आठ हात तशीच गेली, दोन्ही पाय तोफेसारखे पुढे, आणि पंचफुलाबाईच्या वांग्यांच्या टोपल्यात शिरली.

त्यानंतर पंचफुलाबाई रोज यायला लागली. शकुन मागून म्हणायची, हळू. पंचफुलाबाई पुढून म्हणायची, जोरानं मारा, जोरानं मारलं का पडत नाई. शकुन म्हणायची उजवीकडे, पंचफुलाबाई म्हणायची डावीकडे. मधे नत्थुजी. गुडघे सोलले, कोपर सोललं, हनुवटीला हळद लागली. गावाला अजून पत्ता नव्हता. हनुवटीचं कोणी विचारलं की ते म्हणायचे, दाढी करताना लागलं.

आठव्या दिवशी ते पडले आणि पुन्हा सायकलवर बसले नाहीत. लागलं फार नव्हतं. मैदानातल्या एका ओट्यावर जाऊन बसले. शकुनने सायकल भिंतीला टेकवली आणि शेजारी बसली. पंचफुलाबाई त्या दिवशी पालकाच्या जुड्या बांधायच्या म्हणून आली नव्हती.

"मोटारीत बसलो का," नत्थुजी म्हणाले, "मागे चाळीस-पन्नास मानसं राहायची. कोणी झोपलं, कोणी भांडून राहिलं, कोणाचं लेकरू ओकून राहिलं. मी वळून पायत नव्हतो. पण हायेत, हे पाठीले समजायचं. आता पाठ मोकळी वाटते वं. बसलो का वाटते, मागे कोणीच नाई, मंग चाललो कोणाले घेऊन?"

शकुन त्यांच्याकडे वळली. "अन् मी? आठ दिवसापासून कॅरिअर धरून वाकून राहिली, माही कंबर गेली. मी काय हवा हावो?"

नत्थुजींनी तिच्याकडे पाहिलं. खरंच तिच्या हातांना कॅरिअरचे वळ उठले होते. केसांत मुरूम होता. ते हसले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पोटातून हसले.

"चाल," ते म्हणाले, "अजून एक डाव."

ते बसले. तिने कॅरिअर धरलं. पायडलवर पाय ठेवून ते पुन्हा थांबले, रोजच्यासारखेच. आता शकुनचा संयम सुटला. ती पुढे वाकली आणि वैतागून हँडलवरची घंटी मारली. ट्रिंग, ट्रिंग.

आणि नत्थुजींचे पाय आपोआप चालू झाले.

कंडक्टरने एकदा घंटी मारली की थांबायचं, दोनदा मारली की निघायचं. बत्तीस वर्षं. डोक्याला विचारायची गरजच नव्हती, पायांनीच ऐकलं. सायकल सरळ निघाली, सरळ गेली, दहा हात, वीस हात, पन्नास. शकुन मागे पळता पळता थांबली आणि कॅरिअर सोडून दिलं. नत्थुजी एकटे चालले होते. मैदानाच्या टोकाला भिंत आली आणि ते भिंतीला जाऊन टेकले. पण पडले नाहीत! टेकूनच ओरडले, "आली! शकुन, आली वं मले!"

दोघांनी त्या दिवशी घरी जाऊन सकाळी सातलाच शिरा केला.

आता एकच गोष्ट राहिली होती. सायकल थांबवून उतरायचं कसं, हे शिकवायचं राहून गेलं होतं. रोज भिंत होती, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर आले तर तिथे आठवडी बाजार भरत होता. उत्साहाच्या भरात वार विसरला होता. पालं लागत होती, मिरचीची पोती उतरत होती. शकुन म्हणाली, परत जाऊ. नत्थुजी ऐकायला तयार नव्हते. कालच आली होती, आज गेली तर?

"रस्त्यानं जातो," ते म्हणाले. "शाळेपर्यंत. मार घंटी."

शकुनने घंटी मारली. नत्थुजी निघाले. शाळा आली. शाळा गेली.

"थांबा ना!" शकुन मागून ओरडली.

"कसं?"

"ब्रेक दाबा!"

"दाबला का पडतो!"

मग ते गावात शिरले. रस्ता उताराचा होता. चहाच्या टपरीवर बसलेल्या लोकांनी कप खाली ठेवले. निवृत्त मुख्याध्यापक पंजाबराव दाराशी दात घासत होते, ते ब्रश तोंडात धरूनच उभे राहिले. जांभळ्या लेडीज सायकलवर, पुढे टोपली, ताठ बसून, हात स्टेअरिंगवर असल्यासारखे, नत्थुजी येऊल निघाले होते. "बाजूले! बाजूले व्हा राजेहो! थांबत नाई हे!"

एकजण विचारता झाला, "कोठी चालले, नत्थूभाऊ?"

"माहीत नाई!"

ग्रामपंचायतीला वळसा घालून ते बाजारात शिरले. कांद्याचं पाल वाचलं. बांगड्यांचं पाल वाचलं. कपड्यांच्या दुकानाबाहेर लटकवलेला एक परकर त्यांच्या खांद्यावर आला आणि तसाच सोबत निघाला. आता भीती कुठे गेली कोण जाणे, त्यांना हसू येऊ लागलं होतं. कानाशी वारा, डोळ्यांत पाणी, समोर लोक दोन्हीकडे फाटत चाललेले. सात वर्षांच्या नत्थूला हौदात पडण्याच्या आधी जे दोन क्षण मिळाले होते, ते आता वय अठ्ठावन्न असताना मैलभर मिळत होते.

मागून शकुन घरून स्कूटी काढून निघाली होती. तिच्यामागे पंचफुलाबाई, कारण ती रस्त्यात उभी होती आणि न विचारता बसली. स्कूटी सायकलच्या बरोबरीला आली.

"मंजूचे बाबा, एक पाय खाली सोडा!"

"समोर पाय, भाऊ!" पंचफुलाबाई ओरडली.

"तू गप बस वं!" दोघं नवरा-बायको एकदम म्हणाले.

पुढे बसस्टँड. स्टँडवर एक लाल गाडी उभी होती, परतवाड्याहून नुकतीच आलेली. नत्थुजींनी तिला पाहिलं आणि जसं लेकराने मायला पाहावं तसे तिच्याकडे वळले. गाडीच्या मागे टपावर चढायची शिडी असते. नत्थुजींनी हँडल सोडलं, दोन्ही हातांनी शिडी धरली आणि लटकले. सायकल पायांतून निघून दोन हात पुढे गेली आणि गाडीखाली आडवी झाली.

"जीवन!" त्यांनी हाक मारली. गाडीचा नंबर त्यांना तोंडपाठ होता आणि ड्रायवरही. घाटात गाडी चालवायला त्यांनीच शिकवला होता त्याला. "जीवन, गाडी हालवू नोको रे बाप्पा!"

जीवन उतरून मागे आला. शिडीला लटकलेले, खांद्यावर परकर घेतलेले आपले गुरू त्याने पाहिले. मग त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. पाय जमिनीपासून वीतभर वर होते, त्यामुळे फार वाकावं लागलं नाही. कंडक्टर मागून आला आणि म्हणाला, "काका, शिडीवरचं तिकीट निघत नाई."

खिडक्यांतून माना निघाल्या होत्या. कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळीच गाडी वाजवू लागली. नत्थुजी शिडीवरून उतरले, परकराची घडी घातली, आणि त्यांना एकदम लक्षात आलं की लाज वाटायला हवी होती आणि ती वाटत नाहीये. शकुन स्कूटीवरून उतरता उतरता इतकी हसत होती की पंचफुलाबाईने तिला धरलं.

ते घरी पोहोचायच्या आधी फोन आला. अमरावतीहून मंजुषा. कोणीतरी काढलेला व्हिडिओ तिच्यापर्यंत गेला होता.

"बाबा, माही सायकल!"

"हाव बेटा."

"तुमाले येत नव्हती?"

"आता येते ना," नत्थुजी म्हणाले. "थांबवता येत नाई फक्त. ते उद्या शिकून राहिलो."

ते उद्या शिकले. परवा शकुनने हारांची पिशवी टोपलीत ठेवली आणि देवळात पोहोचवायला सांगितली. त्याच्या परवा अख्ख्या गावाचे हार त्यांच्याकडे आले. लोक आता त्यांना अडवून विचारायचे, आज थांबता का नाई. ते मुद्दाम थांबून दाखवायचे. आठवड्याने पंचफुलाबाई ओसरीवर आली. बराच वेळ पालकाबद्दल बोलली. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "नत्थूभाऊ, मले बी शिकवता का?"

"तुले येत नाई?" शकुन किंचाळली. "मंग इतके दिवस काय सांगत होती वं तू आमाले?"

"पाहून पाहून," पंचफुलाबाई म्हणाली.

दसऱ्यापर्यंत पहाटेच्या मैदानात पाच बाया होत्या आणि पंजाबराव मास्तर होते. मास्तर म्हणायचे, आपण फक्त पाहायला येतो. चार दिवस पाहून झाल्यावर त्यांनीही धोतर खोचलं. नत्थुजी मागून कॅरिअर धरून पळायचे आणि घामाघूम होऊन घरी यायचे. तोडणीच्या बायांचं वेळापत्रक कधी गळून पडलं ते त्यांना आठवतही नव्हतं. कधी कधी सकाळी पाचपर्यंत झोप लागायची.

दिवाळी झाली, झेंडू संपला, शेवंतीला अजून वेळ होता. शकुनकडे कितीतरी वर्षांनी चार रिकामे दिवस आले.

"मले तुमचा घाट पाहाचा हाय," ती एके दिवशी म्हणाली. "छत्तीस वर्षं झाली, म्या तो पायलाच नाई."

नत्थुजींनाही तेव्हाच कळलं की खरंच, तिला कधी नेलं नाही. फुलं असायची, पोरगी असायची. ते परतवाड्याला जाऊन धारणीच्या गाडीत बसले. गाडी जीवनची होती. तो म्हणाला, "काका, पुढे बसा, माह्याजवळ." नत्थुजी म्हणाले, "नाई, आमी दोघं मंदात बसतो," आणि मधल्या बाकाकडे वळले.

शकुन खिडकीशी बसली होती, पण घाट यायच्या आधीच तिला गाडी लागली. बाहेर पाहवेना म्हणून तिने लिंबू हुंगत बाजूची जागा घेतली आणि नत्थुजी खिडकीशी सरकले. घाट सुरू झाला. एकोणीस वर्षं या रस्त्याने ते रोज जात होते, आणि एकोणीस वर्षं त्यांनी फक्त डांबर पाहिलं होतं. आता खाली दरी होती. साग होता, बांबू होता, दूर एक नदी होती जिचं नाव त्यांना ठाऊक होतं, पण रूप नव्हतं. ते खिडकीतून अर्धे बाहेर निघाले.

"शकुन, ते पाय! ते झाड पाय! अन् ते, ते तिकडे, माकडं पाय! अवं, इतकं हाय हे? मले कोणी सांगतलं नाई लेका!"

"तुमीच तं होते अथी," शकुन डोळे मिटून म्हणाली.

"मी कोठी होतो वं. मी तं गाडी चालवून राहिलो होतो."

पुढच्या बाकावरची बाई वळून पाहू लागली. नत्थुजींनी तिलाही माकडं दाखवली. मागच्या म्हाताऱ्याला दरी दाखवली. जीवनने आरशातून पाहिलं आणि गाडी जरा हळू घेतली. मग कधीतरी वळणांची ती लय अंगात उतरली, नत्थुजींचं बोलणं तुटक झालं, मान कलली आणि डोकं शकुनच्या खांद्यावर आलं. ते घोरू लागले. हरिसाल आलं, लोक उतरले, लोक चढले. कंडक्टरने घंटी मारायला हात वर केला तेव्हा शकुनने बोटाने खूण केली, हळू. त्याने मान हलवली आणि दोरीला हात न लावता नुसतंच जीवनला तोंडाने सांगितलं, चाल.